संग्रहणी : एका जुन्या व्याधीचा इतिहास

अन्न पोटांत जातें पण अंगीं लागत नाहीं, ही तक्रार आपल्याकडे नवीन नव्हे. चरकानें ग्रहणीच्या विकारांस चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय दिला आहे. पश्चिमेकडे विल्यम हिलरीनें १७५९ मध्यें बार्बाडोस बेटांतील अशाच एका व्याधीचें वर्णन छापलें. तिलाच पुढें ‘स्प्रू’ म्हणूं लागले. लक्षणें बरींचशीं मिळतात. मात्र तेवढ्यावरून आधुनिक शोध चरकास आधींच ठाऊक होता असें म्हणण्याचा आमच्या विद्वानांचा आवडता मोह येथें आवरलेला बरा.

खरा उलगडा मुंबईंत सुरू झाला. १९२८ मध्यें डॉ. लूसी विल्स तेथें आल्या. गिरणगांवांतील गरीब गरोदर बायकांस एक भयंकर पांडुरोग होई. रक्तांतील तांबड्या पेशी थोड्या आणि फुगलेल्या दिसत, आणि बाळंतपणांत कित्येक जणी दगावत. विल्सबाईंनीं जंतूंचा तपास केला, तो व्यर्थ गेला. मग त्यांनीं या बायकांच्या ताटांत काय पडतें तें पाहिलें. भाजी, फळें, दूध यांचा तेथें दुष्काळ होता. उंदीर व माकडें यांवर प्रयोग झाले, आणि ‘मार्माइट’ नांवाच्या स्वस्त यीस्टच्या अर्कानें रोगी उठून बसले. हा वृत्तांत १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून निराळें काढण्यांत आलें व पानावरूनच त्यास ‘फॉलिक ॲसिड’ हें नांव मिळालें.

याच द्रव्यानें स्प्रूचे रोगीही सुधारले, तेव्हां दोहोंतील भेद स्पष्ट झाला. गिरणगांवांतील बाईच्या ताटांतच तें नव्हतें; संग्रहणीच्या रोग्याच्या ताटांत तें असूनही आंतडें तें घेत नाहीं. लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. ते झिजले कीं स्निग्धांश मलावाटे जातो, आणि लोह व जीवनसत्त्वें रक्तांत पोंचत नाहींत. म्हणून मल व रक्त तपासून, दुर्बिणीनें आंतड्याचा कण काढून निदान करतात. स्प्रूस फॉलिक ॲसिड, ब-१२ आणि कांहीं महिने टेट्रासायक्लिन देतात. केवळ ताकावर रोग्यास महिनोन्‌महिने ठेवणें म्हणजे उपाशी माणसास उपास घडविणें होय.

अंकुर झिजविणारी दुसरी व्याधी गव्हाची. हॉलंडांतील डॉ. डिके यांनीं १९५० मध्यें तिचें मूळ गव्हांत दाखविलें. १९४४-४५ च्या दुष्काळी हिंवाळ्यांत पाव मिळेनासा झाला तेव्हां असलीं मुलें उलट सुधारत असल्याचें त्यांस आढळलें होतें. बारामतीलगतच्या जळोचीसारख्या गांवीं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीची भाकरी चालली. त्या धान्यांत गव्हांतील तें चिकट द्रव्य नसल्यामुळें रोगास प्रकट होण्यास निमित्तच मिळत नसे. आतां पोळी रोजची झाली आहे. पोर खंगतें, वाढ खुंटते, आणि घरांत दृष्ट काढली जाते. या रोगांत गहूं व जव जन्मभर वर्ज्य करावे लागतात. मात्र रक्ताची तपासणी होण्यापूर्वींच गहूं बंद केला, तर ती तपासणी निर्दोष येऊन वैद्याची फसगत होते.