कासवाचे वर्तुळ, कॅनव्हासचे वर्तुळ

संगणकाच्या पडद्यावर वर्तुळ काढायला शिकणे ही तांत्रिक बाब आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा तिच्याशी संबंध नाही, असा आमचा समज होता. ब्राउझरमध्ये आज्ञा लिहून साध्या आकृती काढण्याचा प्रयत्न आम्ही केला, तेव्हा तो ढळला. येथे रेघ ओढायची नसते, ती सांगायची असते. सांगणे म्हटले की भाषेचा प्रश्न आलाच. आणि या भाषेलाही इतिहास आहे.

१९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतील प्रबंधासाठी 'स्केचपॅड' ही प्रणाली रचली. तीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत. तेथे हाताचे महत्त्व कायम होते. १९६७ मध्ये वॉली फोर्झिग, सिमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा घडवली. पुढे तिच्यात कासव आले, आधी जमिनीवर फिरणारे आणि नंतर पडद्यावरचे. एक पाऊल पुढे जा, एक अंश उजवीकडे वळ, आणि हे ३६० वेळा कर, एवढे सांगितले की वर्तुळ उमटते. मूल स्वतः चालून हे पडताळू शकते. यंत्राने मुलाला घडवण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावे, हा विचार पॅपर्ट यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात मांडला.

ब्राउझरमधील 'कॅनव्हास'चे कूळ मात्र वेगळे. ॲपल कंपनीने २००४ मध्ये तो आणला, तो आपल्या संगणकावरील 'डॅशबोर्ड'च्या छोट्या उपयोजनांसाठी. अध्यापनाचा हेतू त्यामागे नव्हता. पुढे इतर ब्राउझरांनी तो स्वीकारला आणि २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये त्याला स्थान मिळाले. येथे आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि उभा अक्ष खाली वाढतो. शालेय आलेखाच्या नेमके उलट. आयत तेवढा थेट काढता येतो. वर्तुळासाठी केंद्र, त्रिज्या आणि दोन कोन द्यावे लागतात. पाव वर्तुळ हवे म्हणून आम्ही ९० हा आकडा दिला, तर पूर्ण वर्तुळ उमटले. कॅनव्हास कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजतो, हे त्या चुकीने शिकवले.

शिक्षणाची परंपरा दुसऱ्या वाटेने येथे पोहोचली. जॉन माएडा यांच्या 'डिझाइन बाय नंबर्स'चा कागद अवघा १०० बाय १०० बिंदूंचा होता. त्यांचे विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केले. २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी त्याच विचाराचा ब्राउझरमधील अवतार, 'पी५.जेएस', आरंभला. त्यात वर्तुळासाठी एकच शब्द पुरतो.

सोय वाढली हे निर्विवाद. तथापि कासवाचे वर्तुळ ही एक कृती होती; 'पी५'चे वर्तुळ हे एक नाम आहे. पहिल्यात शिकणारा वर्तुळ घडवतो, दुसऱ्यात तो ते मागवतो. आपल्या वर्गांतही हेच घडते. वृत्ताचे नाव विद्यार्थ्याला पाठ असते, परंतु ओळीचे लघु-गुरू त्याने स्वतः मोजलेले नसतात. नाव ठाऊक असणे म्हणजे रचना कळणे नव्हे.

अर्थात दोष साधनाला देता येणार नाही. कॅनव्हासमध्ये आरंभबिंदू सरकवता येतो, अक्ष फिरवता येतात. आम्ही एक छोटी रेघ काढली, आरंभबिंदू तिच्या टोकाशी नेला, अक्ष एका अंशाने फिरवले आणि हे ३६० वेळा घडवले. पडद्यावर वर्तुळ उमटले. नीट पाहिले तर ते ३६० बाजूंचा बहुकोन होते. तयार शब्दाने ही गोष्ट आम्हांला कधीच सांगितली नसती.