सायकलीचा रस्ता कुणी मागितला?

गटाच्या बैठकीत रस्त्याचा विषय निघाला की आपण खड्डे, डांबर आणि एस.टी. एवढंच बोलतो. आज आम्ही रस्त्याचीच गोष्ट सांगणार आहोत, पण लांबच्या देशातली. युरोपात नेदरलँड्स हा छोटा, सपाट देश आहे. तिथे लोकांच्या चारातली एक तरी फेरी सायकलवर होते. शाळा, बाजार, नोकरी, सगळीकडे सायकल. आणि बायका पुरुषांच्या मागे नाहीत. आपल्याला वाटतं, त्यांचं पहिल्यापासून असंच असेल. तसं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पैसा आला, घरोघर मोटारी आल्या. शहरांनी मोटारींसाठी रस्ते रुंद केले, त्यासाठी घरंही पाडली. सायकलवाले कडेला ढकलले गेले. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली. त्यांत ४०० हून जास्त लहान मुलं होती.

विक लांगेनहोफ या पत्रकाराची लेक शाळेत जाताना अशीच गेली. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि पालकांना एकत्र यायला सांगितलं. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. नाव कडक आहे, पण आम्हाला ते योग्य वाटतं. अपघात म्हटलं की नशिबावर ढकलता येतं. हत्या म्हटलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. पहिल्या अध्यक्ष होत्या मार्त्ये फान पुटेन, ॲमस्टरडॅममधली एक तरुण आई. रस्ते अडवून मुलांना खेळू दिलं. गाणी म्हणत सायकलींवरून थेट पंतप्रधानांच्या घरी गेले. पंतप्रधान बाहेर आले, म्हणणं ऐकून घेतलं. पुढे सरकारने या गटाला अनुदानही दिलं. १९७३ च्या शेवटी तेलाची टंचाई आली, काही रविवार मोटारी बंद राहिल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग सरकारने टिलबर्ग आणि द हेग या शहरांत एकेक सुंदर सायकलमार्ग बांधून पाहिला. लोक खूश झाले, पण आजूबाजूच्या गल्ल्यांतले सायकलवालेच बहुतेक त्यावर आले. ज्यांचं घर लांब, त्यांना काय उपयोग? आपल्या एका वस्तीत नळ आणि दुसरीला हंडा, तसंच ते. म्हणून पुढे डेल्फ्ट शहरात सगळीकडे जाळं विणलं. मोठे मार्ग साधारण अर्ध्या किलोमीटरवर, मधे गल्लीतल्या छोट्या वाटा, आणि जिथे कालवा आडवा येतो तिथे पूल.

रस्ता बांधायची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. सायकलची वाट मोटारींपासून वेगळी, मधे कठडा किंवा झाडं. दोघी शेजारी-शेजारी बोलत जाऊ शकतील एवढी रुंदी. आडवी गल्ली आली तरी वाट तुटत नाही, खालीही उतरत नाही. मोटारीलाच उंचवट्यावर चढून सावकाश जावं लागतं. वस्तीतल्या गल्लीत मोटारीचा वेग इतका कमी की वेगळी वाट लागतच नाही.

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. तिथे आज काही रस्त्यांवर सायकल ट्रॅक आहेत, पण ट्रॅक मधेच संपतो, नाहीतर त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. टिलबर्गची अडचण तरी बरी म्हणायची, तिथला एक मार्ग तरी पुरा होता!

डच रस्त्यांवर दगावणाऱ्या मुलांचा वर्षाचा आकडा आता शंभराच्याही बराच खाली आहे. त्याला कारणं अनेक आहेत, रस्त्याची बांधणी त्यांतलं मोठं.

आपल्याकडे मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. तालुक्याच्या गावात शिरताना त्या मुली कुठे घाबरून सायकलवरून उतरतात आणि हातात धरून चालतात, ते आम्ही या महिन्याच्या बैठकीत त्यांनाच विचारणार आहोत. तुमच्या गटातही विचारा, आणि त्या जागा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सगळ्यांच्या वह्या एकत्र मांडू.