मुखशूलाच्या उपचारातील सुईची वाट

पाण्याच्या घोटाने, वाऱ्याच्या झुळकीने किंवा नुसत्या बोलण्यानेही चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारखी कळ जावी, ही व्याधी वैद्यकास नवी नाही. निकोलास आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने १७५६ साली तिला वेदनायुक्त आचका अशा अर्थाचे नाव दिले. हे नाव पाहणाऱ्याच्या दृष्टीचे आहे. आचका दिसतो, वेदना दिसत नाही. जॉन फॉदरगिल याने १७७३ साली लंडन येथे वाचलेल्या निबंधात मात्र वेदनेसच अग्रस्थान दिले. पुढे चार्ल्स बेल याने चेहऱ्याची संवेदना पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेकडे व हालचाल सातवीकडे असते, हे स्पष्ट केले. तत्पूर्वी शूल थांबावा म्हणून सातवी तंत्रिका छेदिली जाई. चेहरा लुळा पडे आणि वेदना तशीच राही.

१८९२ च्या सुमारास हार्टली व क्राउझ यांनी कवटी उघडून पाचव्या तंत्रिकेच्या गुच्छिकेपर्यंत जाण्याचा मार्ग घालून दिला. त्यात जिवाचे भय मोठे होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेर्टेल याने गालातून सुई घालून कवटीच्या तळाच्या अंडाकृती छिद्रातून गुच्छिका गाठली व तीत अल्कोहोल सोडले. वाट सापडली, परंतु तेथे पोहोचून इजा किती करावी, हा प्रश्न राहिला. वेदनेबरोबर डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेली, तर दृष्टीच धोक्यात येते.

१९७४ साली स्वीट व वेप्सिक यांनी याच वाटेने नियंत्रित उष्णता वापरली. रुग्णास मध्येच जागे करून बधिरता कोठे आली, हे त्यालाच विचारले जाई. १९८१ साली स्टॉकहोमच्या हाकान्सन याने ग्लिसरॉलचा उपचार प्रसिद्ध केला. त्याचा शोध योगायोगाने लागला. किरणोपचाराचे लक्ष्य क्ष-किरणचित्रात दिसावे म्हणून टँटलम धातूची पूड ग्लिसरॉलमध्ये कालवून टोचली होती. किरण देण्यापूर्वीच रुग्णांची वेदना थांबली. १९८३ साली मुलन व लिक्टर यांनी सुईवाटे लहान फुगा नेऊन गुच्छिका क्षणभर दाबण्याची रीत मांडली.

येथे एक विसंगती लक्षात येते. उष्णतेच्या रीतीचा मूळ हेतू वेदना वाहणारे बारीक तंतू निकामी करण्याचा होता. फुग्याच्या दाबाने मुख्यतः जाड तंतूंना इजा होते व बुबुळाचे रक्षण बरेचसे साधते. तरीही दोहोंनी शूल शमतो. अर्थात, उपचाराचे यश हे उपपत्तीच्या सत्यतेचे प्रमाण मानता येत नाही.

या रीतींनी मिळणारा आराम पुष्कळदा कायम टिकत नाही, आणि थोड्याफार बधिरतेचे मोल द्यावे लागते. कोणते मोल सोसवेल, हे सांगण्याचा अधिकार अखेर रुग्णाच्याच शब्दाला आहे. आंद्रेने दिलेल्या नावात नेमका तोच शब्द दुय्यम ठरला होता.