पॅराथायरॉईडचं ऑपरेशन : अनुभवी सर्जन कसा शोधाल?

रहाटणी : मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, हाडं दुखतात, थकवा जात नाही आणि रक्तात कॅल्शियम सतत जास्त येतं. अशा वेळी डॉक्टर 'पीटीएच' ही रक्ततपासणी सांगतात. कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच कमी झालेलं नसेल, तर बहुतेक वेळा दोष पॅराथायरॉईड ग्रंथीत असतो.

नाव सारखं असलं तरी हा थायरॉईडचा आजार नव्हे. थायरॉईडच्या मागे साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. बहुतेक रुग्णांत त्यातली एकच बिघडते. ती काढली की आजार बरा होतो.

अनुभव का हवा?
या ग्रंथी लहान असतात आणि जागा बदलतात, कधी थेट छातीत सापडतात. अमेरिकेतील जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची ग्रंथी सातव्या ऑपरेशनमध्ये, १९३२ साली, छातीत सापडली. आज अनुभवी हातांत पहिल्याच ऑपरेशनमध्ये सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे होतात.

कोणाकडे जायचं?
आधी हार्मोनतज्ज्ञांकडून (एंडोक्रायनॉलॉजिस्ट) निदान पक्कं करा. मग एंडोक्राइन सर्जन किंवा मानेची ऑपरेशनं नेहमी करणारे हेड-नेक सर्जन गाठा. रहाटणीकरांनी पिंपरीचं वायसीएम, पुण्याचं ससून किंवा जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयात असे सर्जन आहेत का, याची चौकशी करावी. सर्जनची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते.

सर्जनला हे विचारा
- वर्षाला पॅराथायरॉईडची किती ऑपरेशनं करता? (थायरॉईडची वेगळी मोजा.)
- त्यातले किती रुग्ण सहा महिन्यांनंतरही बरे आहेत?
- ऑपरेशन चालू असताना पीटीएच तपासण्याची सोय आहे का?
- ग्रंथी नेहमीच्या जागी नसेल तर काय कराल?
- आवाजाच्या नसेला इजा झाल्याचं प्रमाण किती?

विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन आकडे सांगतो.

हे लक्षात ठेवा
सोनोग्राफी किंवा सेस्टामिबी स्कॅनमध्ये ग्रंथी दिसली नाही म्हणजे आजार नाही, असं नाही. निदान रक्तावरून होतं, स्कॅन फक्त जागा दाखवतो. जाताना जुने सगळे रिपोर्ट, ड जीवनसत्त्व आणि २४ तासांच्या लघवीतील कॅल्शियमच्या तपासणीसह, सोबत न्या. खर्च किती आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारा.

ऑपरेशननंतर ओठ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम घटलेलं असू शकतं. वाट न बघता डॉक्टरांना कळवा.