नियोजन परवानगी (इंग्लंड)
नियोजन परवानगी ही इंग्लंडमध्ये नवे बांधकाम किंवा जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी स्थानिक परिषदेकडून घ्यावी लागणारी मंजुरी आहे. सध्याची व्यवस्था १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातून उभी राहिली. अर्ज जाहीर झाल्यावर साधारणपणे २१ दिवस हरकती स्वीकारल्या जातात. घराची किंमत घटेल, ही हरकत मात्र ग्राह्य धरली जात नाही. बहुतेक अर्ज अधिकारी, तर वादग्रस्त अर्ज निर्वाचित सदस्यांची समिती निकाली काढते. निर्णयाची मुदत सामान्यतः ८ आठवडे, मोठ्या प्रकल्पांसाठी १३ आठवडे असते. परवानगी नाकारल्यास अर्जदाराला नियोजन निरीक्षणालयाकडे अपील करता येते. परवानगी मिळाल्यास शेजाऱ्यांना असे अपील करता येत नाही. निर्णयाच्या कायदेशीरतेपुरतीच ६ आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते.