दक्षिण सातारा ते मोझिला

आजचा सांगली जिल्हा 1949 पासून 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' होता. मग पाटी बदलली. ब्राउझरची जुनी पाटी मात्र अजून तशीच आहे बघा. 'मोझिला' हे नेटस्केपचं नाव. 1990 च्या दशकात काही सर्व्हर ते नाव बघूनच फ्रेमवाली पानं द्यायचे, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. आज क्रोमसुद्धा 'मोझिला/5.0' नेच सुरुवात करतो! पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी खरं नाव सांगते, आणि कधीकधी 403 खाऊन दारातूनच परत येते. हळदीचे भाव गोळा करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टच्या युजर-एजंट हेडरमध्ये मी क्रोमचं नाव टाकत नाही. स्क्रिप्टचं नाव आणि माझा ईमेल टाकतो. तरीही साइट नको म्हणाली, तर थांबतो.