जुन्या वस्तऱ्याचे पाणी

रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद मावळ ही नावे उच्चारली की तलवारीचे स्मरण होते. परंतु भोर-वेल्ह्याच्या या डोंगराळ मुलखात तलवारीहून अधिक काळ चाललेले पाते न्हाव्याच्या वस्तऱ्याचे होय. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला हा परंपरेने नाभिक समाजाचाच मानला जातो. भोर तालुक्यातील आंबवडे येथे त्याची समाधी दाखवितात. त्याची तलवार इतिहासाने लक्षात ठेविली. त्याच्या समाजाच्या धोकटीत मात्र इतिहासकारांनी क्वचितच डोकावून पाहिले.

बलुत्याच्या व्यवस्थेत देशी वस्तरा एकट्या न्हाव्याच्या कसबाचा नसे. पाते घडवून त्यास पाणी देणे लोहाराचे, चामोट्याचे कातडे चांभाराचे, धार राखणे न्हाव्याचे; आणि तिघांचाही मोबदला सुगीला धान्यरूपाने. पुढे शेफील्ड व झोलिंगेन येथील पाती आली. तेथेही घडणारा, घासणारा व मूठ बसविणारा असे निरनिराळे कारागीर असत. शेफील्डचा लौकिक ज्या मुशीतल्या पोलादावर वाढला ते बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास सिद्ध केले. दक्षिण हिंदुस्थानास मात्र मुशीतले पोलाद त्यापूर्वी कित्येक शतके ठाऊक होते!

असा जुना वस्तरा घरच्या पेटीत सापडला म्हणजे तो कारागिराकडून चकचकीत करून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. विजेच्या चाकावर पाते तापते, आणि सुमारे २०० अंशांपुढे उष्णता गेली की त्याचे पाणी उतरू लागते. निळसर झाक दिसली म्हणजे ते गेलेच. जाणता कारागीर तेल मुरू देऊन गंज हाताने काढतो. धारेतून आत गेलेली भेग आढळली तर तो काम परत करतो, कारण तिला इलाज नाही. मग पितळी कील काढून मूठ सुटी करतो. मूठ सेल्युलॉइडची असल्यास ती जुनी होऊन सडताना आम्ल सोडते, म्हणजे घरच पात्याला खाऊ लागते; अशी मूठ बदललीच पाहिजे.

खरी कसोटी पाथरीवर. वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही एकदमच दगडावर टेकतात. म्हणून धारेचा कोन हाताने नव्हे, तर पाठीच्या जाडीने ठरतो. शोभेसाठी पाठ घासली की तो कोनच बिघडतो. पाथरीवर धार पुढे चालते, चामोट्यावर पाठ पुढे. प्रत्येक पाजवणीत पाते केसभर अरुंद होते, आणि या झिजेतच त्याच्या चाकरीचा हिशेब लिहिलेला असतो. नव्यासारखे करण्याच्या हौसेने तो पुसू नये.

जिलेटच्या कंपनीने १९०३ साली अवघे ५१ वस्तरे विकले. पहिल्या महायुद्धात तिने अमेरिकन सैन्याला सुमारे ३५ लाख पुरविले. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भयाने दुकानांतूनही बदलत्या पात्याचा वस्तरा रूढ झाला, आणि ते योग्यच झाले. दुरुस्त केलेला जुना वस्तरा एकाच माणसाने वापरावा. मावळच्या पावसाळ्यात तर तो ओला मिटू नये. पुसून, पात्यास शिवणयंत्राच्या तेलाचा हात देऊन, कोरड्या फडक्यात ठेवावा.